‘सोड’ म्हटलं की चेंडू सुटला पाहिजे

चेंडू फेकला की कुत्रा सुसाट पळतो, तोंडात धरून परतही येतो आणि दोन हातांवर येऊन थांबतो. हात पुढे केला की मान वळवतो. धरायला गेलं की सोफ्याच्या मागे. “काकू, फार हट्टी आहे हो आमचा,” असं सांगत माझ्याकडे कुत्री सोडायला येणाऱ्या निम्म्या लोकांचं हेच गाऱ्हाणं असतं. मी कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला राहते. लोक लग्नाला, तिरुपतीला, मुलीच्या बाळंतपणाला गेले की त्यांची कुत्री आमच्या परसात मुक्कामाला येतात. शिवाय घरचा बंड्या आहे. लॅब्राडोर आणि गावठी यांचा मेळ, जबडा लॅबचा आणि डोकं गावठी. चेंडू न देण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. आता तो एका शब्दावर चेंडू पायाशी टाकतो. ते कसं घडवायचं ते सांगते.

माझं मत विचाराल तर अशी कुत्री हिशेबाला पक्की असतात. त्याच्या बाजूनं बघा. चेंडू दिला की काय होतं? खेळ संपतो, चेंडू फ्रीजवर जातो, गळ्यात पट्टा पडतो आणि वरात घराकडे निघते. चेंडू नाही दिला तर? घरातली चार माणसं त्याच्या मागे पळतात, ओरडतात, टेबलाखाली वाकतात. एवढी करमणूक फुकट मिळत असेल तर तो चेंडू देईल कशाला? हा हिशेब आपल्याला उलटा करायचाय. सोडलं की जास्त चांगलं काहीतरी मिळतं आणि चेंडूही परत आपल्याकडेच येतो, हे त्याच्या अनुभवाला आलं पाहिजे. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

थोडा जातीचाही भाग असतो. लॅब आणि गोल्डन रिट्रीव्हर ही कुत्री शिकाऱ्यानं पाडलेले पक्षी उचलून आणण्यासाठी पैदा केलेली. तोंडात काहीतरी घेऊन मिरवणं त्यांच्या रक्तात आहे, हातात देणं मात्र शिकवावं लागतं. टेरियर पकडलेली वस्तू झटकत बसतो. बीगल सगळ्यात सोपा, कारण नाकासमोर खाणं आलं की चेंडूबिंडू तो विसरतो. आणि आमच्या भागातले कारवान! सशामागे सुटणारं हे कुत्रं, हलतंय तोवरच त्याला त्यात रस. चेंडू थांबला की बरेचसे कारवान एकदा हुंगतात आणि ‘आता काय?’ म्हणून तुमच्याकडे बघत उभे राहतात. त्याच्याकडून चेंडू आणून घेण्याचा अट्टाहास मी करत नाही. त्याला पळू द्यावं.

आधी काय करायचं नाही ते सांगते. चेंडू ओढायचा नाही. तुम्ही ओढलं की तो उलट दिशेनं ओढणार, आणि त्याच्या मते नवा खेळ सुरू झाला. जबडा बोटांनी उघडायचा नाही. ओठ दातांवर दाबून तोंड उघडायला लावायची युक्ती अजून लोक एकमेकांना सांगतात. त्यानं चेंडू एकदा निघतो, पण ‘माणसाचा हात जवळ आला की आपली वस्तू जाते’ हेही तो शिकतो. पुढच्या वेळी तो लांबूनच पळतो, नाहीतर गुरगुरतो. नाकावर फटका तर मुळीच नको. आणि त्याच्या मागे पळायचं नाही. दहा वेळा शांत राहिलात आणि अकराव्या वेळी वैतागून पाठलाग केलात, तर त्याच्या लक्षात तो अकरावाच राहतो. कधीतरी मिळणारी गंमत रोजच्या गमतीपेक्षा चिवट असते.

आता सामान. खेळण्यासाठी एकसारखे दोन रबरी चेंडू घ्या. अगदी एकसारखे, रंगसुद्धा तोच. एक आवडता आणि एक नावडता असेल तर पुढचा डाव जमत नाही. चेंडू एवढा मोठा हवा, की घशाकडे सरकता कामा नये. गल्ली क्रिकेटचा टेनिस बॉल साडेसहा सेंटीमीटरच्या आसपास असतो. मोठ्या जबड्याच्या कुत्र्याच्या घशात तो अडकू शकतो. शिवाय त्याच्यावरच्या लोकरीत माती बसली की तो पॉलिश पेपरसारखा दात झिजवतो. वाळकी काठी फेकू नका, तिचे तुकडे टाळ्यात घुसतात. ओढाताणीसाठी जाड दोरीची गाठ चालते, पण दोरे सुटायला लागले की ती फेकून द्या. गिळलेला दोरा आतड्यात अडकला तर ऑपरेशनवर जातं.

खाऊच्या बाबतीत कंजूसपणा नको. रोजची पोळी किंवा सुकं खाणं घरात चालेल, पण चेंडूच्या तोडीचं नाही. मी रविवारी तांबड्या रश्शाला चिकन आणलं की मसाला लावण्याआधी चार तुकडे बाजूला काढते आणि नुसत्या पाण्यात उकडते. मीठ नाही. कांदा-लसूण तर नाहीच, दोन्ही कुत्र्याला विषारी. मग त्याचे हरभऱ्याएवढे तुकडे करायचे. शाकाहारी घरात पनीर चालतं. द्राक्षं आणि बेदाणे मात्र चुकूनही नकोत, त्यानं कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. हे मुद्दाम सांगते, कारण तासगाव जवळ असल्यामुळे आमच्याकडे बेदाण्याचा डबा प्रत्येक घरात उघडाच असतो.

पहिला धडा घरात, आणि चेंडू न फेकता. जिथं दुसरं काही घडत नाही अशी जागा बघा. आमच्याकडे स्वयंपाकघर आणि परस यांच्यामधला बोळ आहे. खेळणं त्याला बऱ्यापैकी आवडणारं घ्या, जीव की प्राण असलेलं नको. त्यानं ते तोंडात धरलं की काही न बोलता खाऊचा तुकडा नाकाशी न्या. तोंड उघडलं, खेळणं पडलं, की त्या क्षणी ‘शाबास’ म्हणा आणि तुकडा द्या. तो चघळत असताना तुमचा दुसरा हात खेळण्याकडे जाणार. जाऊ देऊ नका. पडू दे ते खाली. तो खाऊन परत उचलेल, उचलू दे. असं आठ-दहा वेळा झालं की पुढच्या खेपेला खेळणं तुम्ही उचला, एक तुकडा द्या आणि खेळणं लगेच त्याच्या तोंडात परत द्या. इथं लोकांना वाटतं, मिळालेलं परत कशाला द्यायचं? त्यासाठीच तर हे चाललंय. घेतलेली वस्तू परत येते हे त्याला पटलं की अर्धं काम झालं.

मग शब्द. आमच्याकडे ‘सोड’ आहे, तुमच्याकडे ‘दे’ असेल तरी चालेल, पण घरात सगळ्यांचा एकच. सासूबाई ‘दे रे सोन्या’, मुलगा ‘ड्रॉप’ आणि नवरा नुसताच ‘ए’, असं असेल तर कुत्र्यानं कुणाचं ऐकायचं?

शब्दाच्या या टप्प्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण बिघडतं ते इथंच. क्रम असा: आधी ‘सोड’, एकदाच, नेहमीच्या आवाजात. मग एका श्वासाएवढं थांबायचं. हात-खांदे काहीच हलवायचं नाही. आणि मग खाऊचा हात नाकाकडे. बहुतेक जण शब्द आणि हात एकदमच हलवतात. तसं केलं तर कुत्रा शब्द ऐकतच नाही, त्याला हातच जास्त स्पष्ट दिसतो. महिनाभर ‘सोड, सोड’ करूनसुद्धा खिशात हात गेल्याशिवाय तोंड उघडत नाही ते याचमुळे. खाऊची प्लॅस्टिकची पिशवीही नको, तिची खसखस शब्दाच्या आधी त्याच्या कानात पोचते. मी वाटी ओट्यावर ठेवते आणि तुकडा पाठीमागे मुठीत.

त्या एका श्वासात कुत्र्याचं तोंड बघायला शिका. बंड्या चेंडू मागच्या दाढांत धरतो. दाढेत आहे तोवर सोडायचा विचार नाही, हे पक्कं. ‘सोड’ म्हटल्यावर आधी त्याचं चघळणं थांबतं. नाकपुड्या हलतात. मग तो पकड बदलतो, चेंडू दाढेतून सुळ्यांकडे सरकतो आणि खालच्या ओठाशी जिभेचं टोक दिसतं. आता सुटणार. चेंडू शहाबादी फरशीवर टप्पकन पडतो आणि त्याच्यासोबत लाळेची एक तारही. त्या टप्पला जोडूनच ‘शाबास’ आलं पाहिजे. तो वाकून परत चेंडू उचलायला लागल्यावर म्हणालात तर शाबासकी उचलण्याला मिळाली.

हात हलायच्या आधीच, त्या थांबलेल्या वेळात तोंड उघडलं, की शब्द पोचला. त्या वेळी हात सैल सोडा: एकामागून एक तीन-चार तुकडे, गळ्याखाली खाजवणं, आणि वर चेंडूही परत. त्यानंतर मूठ रिकामी ठेवायला लागा आणि खाऊ ओट्यावरून आणून द्या. आधी खाऊ दाखवून मग सोडायला सांगायची सवय लागली तर तो आधी हातात काय आहे ते तपासणार आणि मग ठरवणार. पोळीचा तुकडा दिसला तर चेंडू तोंडातच.

काही कुत्री मात्र खेळात शिरली की चिकनकडेही बघत नाहीत. अशांसाठी दुसरी वाट आहे, आणि खरं सांगायचं तर मला हीच जास्त आवडते, कारण इथं बक्षीस म्हणून खेळच मिळतो. दोरी घ्या, मनसोक्त ओढाताण करा. मग एकदम थांबा. दोरी दोन्ही हातांनी मांडीला घट्ट लावून धरा, कोपरं अंगाशी, आणि पुतळा व्हा. बोलायचं नाही, डोळ्यांत बघायचं नाही. दोरीत जीव उरता कामा नये. तो आधी जोर वाढवेल. पाय रोवेल, मान झटकेल, खेळातलं गुरगुरणंही होईल. सोडण्याच्या जरा आधी तर तो सगळ्यात जास्त ओढतो, आणि नेमकी तिथंच माणसं ढिली पडतात. तुमच्याकडून दोरी वीतभर जरी हलली तरी जोर लावला की खेळ चालू होतो, हा धडा त्याला मिळाला. उभे राहा. मग अचानक त्याला कंटाळा येतो, पकड ढिली होते, दोरी सुटते. ‘शाबास!’ आणि त्याच क्षणी पुन्हा ओढाताण सुरू, आधीपेक्षा जोरात. सोडलं की खेळ परत सुरू होतो, हे त्याच्या अंगात भिनलं की पुतळा व्हायच्या आधी ‘सोड’ म्हणायला लागा. ताकद कमी असेल, गुडघे दुखत असतील, तर खुर्चीवर बसून, दोरी दोन्ही गुडघ्यांत धरून हेच करता येतं. चाळीस किलोच्या जर्मन शेफर्डसमोर मी तेच करते.

लहान पिल्लू असेल तर ओढाताण बेतानंच. चौथ्या महिन्याच्या आसपास दुधाचे २८ दात पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के ४२ येतात. तोवर हिरड्या ठणकतात. अशा वेळी खेळणं हलवायचं ते जमिनीलगत, ओढायचं नाही.

आता फेकायची वेळ. पहिला चेंडू पाच-सहा पावलांवर, बोळातच. बोळाचा फायदा हा, की पळून जायला जागा नसते. मोकळ्यावर जाल तेव्हा हार्नेसला, म्हणजे छातीभोवती बांधायच्या पट्ट्याला, सात-आठ मीटरची दोरी लावा आणि ती जमिनीवर लोळू द्या. गळपट्ट्याला नको, जोरात हिसका बसला तर मानेला इजा होते. दोरी ओढून आणायला नाही, तो चेंडू घेऊन लांब जायला लागला तर नुसता पाय ठेवून थांबवायला आहे.

तो चेंडू उचलून वळला की तुम्ही उलट्या दिशेला पळा. खरंच पळा, हसत, टाळ्या वाजवत. मागे पळणाऱ्या माणसापासून कुत्रा लांब जातो आणि पुढे पळणाऱ्याच्या मागे येतो. जवळ आला की त्याच्यावर वाकू नका, कडेला वळून उकिडवे बसा. आणि आल्या आल्या चेंडूला हात लावू नका. आधी पाठ थोपटा, त्याला चेंडू मिरवू द्या, मग ‘सोड’. येणं आणि काढून घेणं यांच्यात थोडं अंतर राहिलं तर यायला तो कचरत नाही.

इथंच दुसरा चेंडू कामाला येतो. पहिला तोंडात घेऊन तो समोर उभा आहे. तुम्ही दुसरा काढा आणि स्वतःशीच खेळा: आपटा, झेला, या हातातून त्या हातात घ्या. त्याला दाखवून लालूच लावू नका, जणू तो तिथं नाहीच. त्याची नजर चेंडूबरोबर वर-खाली व्हायला लागते. ‘सोड’ म्हणा. तोंडातला पडला की दुसरा लगेच फेका, पण तो आला त्याच्या उलट दिशेला, म्हणजे तुमच्या पाठीमागे. त्याला तुमच्या बाजूनंच पळत जावं लागतं, आणि तेवढ्यात पहिला तुम्ही आरामात उचलता. पुन्हा तो येतो, पुन्हा तेच. या डावात घासाघीस करायला त्याला वेळच मिळत नाही. चेंडूवेड्या लॅबना मी खाऊच्या नादाला न लावता इथूनच सुरुवात करते.

काही महाभाग चेंडू सोडतात, पण चार पावलं लांब. तिथं जाऊन उचलायची चूक केली की पुढच्या वेळी आठ पावलं. तो टाकायच्या बेतात दिसला की मागे सरका, म्हणजे ते अंतर त्यालाच तोडावं लागेल. आणि दुसरा चेंडू फेकायचा तो पहिला तुमच्या हाताला येईल इतक्या जवळ पडल्यावरच.

घरात पक्कं झालं म्हणून मैदानात होईलच असं नाही. कुत्र्याला बोळातला ‘सोड’ आणि शेंडा पार्ककडच्या माळावरचा ‘सोड’ हे दोन वेगळे विषय वाटतात. तिथं दुसरी कुत्री, चरणाऱ्या म्हशी, कुणाच्या तरी डब्यातल्या भाकरीचा वास. नव्या जागी गेलात की दोन धडे मागे या: जवळ फेका, भारी खाऊ काढा, जास्त वेळा परत द्या. लोकांना याचा कमीपणा वाटतो, बाकीच्यांसमोर. वाटू दे.

उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावर खेळा. डांबरावर पालथा हात पाच-सात सेकंद टेकवून बघा, तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या पंजालाही नाही. धाप लागलेला कुत्रा चेंडू सोडत नसेल तर कधी कधी तो फक्त दमलेला असतो. जीभ बाहेर रुंद लोंबते, सावली शोधतो. तिथं शिकवणं थांबवा आणि पाणी द्या. बाकी एका वेळेला पाच-दहा मिनिटं पुष्कळ. तासभर एकाच चेंडूमागे धावणारा कुत्रा शहाणा होत नाही, नुसता पिसाळल्यासारखा करायला लागतो.

एक प्रकार मात्र घरगुती उपायांत बसत नाही. तुम्ही जवळ जाताच कुत्रा चेंडूवर मान खाली घालून ताठ होतो, चघळणं थांबतं, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसतं, वरचा ओठ उचलला जातो. ही खेळातली गुरगुर नाही. खेळातली गुरगुर मोठी असते, पण अंग सैल आणि शेपूट हलतं असतं. इथं आवाज बारीक आणि अंग दगड. मागे व्हा, चेंडू राहू दे. गुरगुरल्याबद्दल रागावू नका. गुरगुर हा इशारा आहे, तो बंद पाडलात तर पुढच्या वेळी थेट दात येतील. आधी जनावरांच्या डॉक्टरांकडून दातदुखी, कानदुखी तपासून घ्या आणि मग मार न देता शिकवणारा जाणकार बघा. तोवर लहान मुलांना त्याच्या खेळण्यांपासून लांब ठेवा. दात लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. घरचं कुत्रं आहे, लस टोचलेली आहे, म्हणून घरी बसायचं नाही.

राहिला शेवटचा चेंडू. सगळं शिकवून झालं तरी दर वेळी ‘सोड’ म्हणून चेंडू खिशात आणि पट्टा गळ्यात, असं केलंत तर हिशेब पुन्हा पहिल्यासारखा होतो. म्हणून संपवायच्या आधी चार-पाच वेळा तरी सोडलेला चेंडू परत फेका. शेवटी सोडला की मूठभर खाऊ गवतात उधळा. नाक खाली गेलं की चेंडू गुपचूप आत. लगेच पट्टा नको, पाच मिनिटं हुंगू दे, झुडपं बघू दे. आणि एखाद्याला शेवटचा चेंडू तोंडात धरूनच घरी जायचं असेल तर जाऊ दे की! काय बिघडतं? लॅब तर तोंडात काही असलं की रस्त्यानं जास्त शहाण्यासारखे चालतात. घरी जेवणाची ताटली खाली ठेवताना ‘सोड’ म्हणायचं. त्या वेळी न सोडणारा कुत्रा मी अजून बघितला नाही. तो जेवतोय तोवर चेंडू धुऊन कपाटात. दिवसभर घरात लोळणाऱ्या चेंडूचं संध्याकाळी त्याला अप्रूप राहत नाही.